टेबलावरचा गुरुनाथ

घराच्या पायरीवर बॅग ठेवून गुरुनाथ तारी चपला काढत होता, तेवढ्यात आतून त्याला त्याचाच आवाज ऐकू आला.

आवाज त्याच्या आईला बजावत होता, की गुडघ्यांना तेल चोळल्यावर लगेच न्हाणीत शिरू नकोस, वारा लागतो. आई म्हणाली, रोज रोज तेच काय सांगतोस. मग दोघं हसली. गुरुनाथ एका पायात चप्पल तशीच ठेवून उभा राहिला. तीन वर्षं समुद्रावर काढून तो घरी आला होता, आणि घरात तो आधीच होता.

"आये," त्याने हाक मारली.

आईने मान न वळवताच हात वर केला. "थांब जरा. गुरू बोलताहा."

मग तिच्या ध्यानात आलं. ती गुडघे दाबत उठली, त्याच्या तोंडावरून हात फिरवून तिने कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, डोळ्यांना पदर लावला. तो किती काळा पडलाय, किती रोडावलाय, हे तिने शेजारच्या घरांना ऐकू जाईल असं सांगितलं. पण तिचं ते पहिलं वाक्य माशाच्या काट्यासारखं त्याच्या घशात अडकलं, ते अडकलंच.

माजघरात, कणग्यांच्या बाजूला, टेबलावर कॉम्प्युटर होता. साधाच, जुन्या पद्धतीचा. त्यावर त्याच्या बायकोने, दीपश्रीने, क्रोशाचा रुमाल टाकला होता. बाजूला पाण्याचं तांब्या-भांडं होतं. कोणासाठी ते गुरुनाथने विचारलं नाही.

गुरुनाथच्या जहाजाचं काम समुद्राच्या तळावरून धातूचे गोळे उचलण्याचं. बटाट्याएवढे काळे गोळे, लाखो वर्षं तळाशी पडून राहिलेले. त्यातून निघणाऱ्या धातूंवर आता जगाच्या बॅटऱ्या चालत. असे गोळे कुठे दाट सापडतात हे दुसऱ्या कंपनीला कळू नये म्हणून जहाजावरून घरी फोन करायला मनाई होती. महिन्याला एकच ठराविक संदेश जायचा, सर्व ठीक. घरून यायचा तोही तेवढाच.

घरची माणसं हे किती सोसणार? म्हणून कंपनीने सावल्या दिल्या.

सावली म्हणजे काही भूत नव्हे, आणि माणूसही नव्हे. माणूस दिवसभर जे बोलतो, कशावर थांबतो, कशाला हसतो, दोन गोष्टींतली कुठली निवडतो, हे सगळं कानामागे चिकटवलेली एक पातळ पट्टी टिपून घेते. त्या टिपणांवरून यंत्र त्या माणसाच्या वागण्याचं वळण शिकतं. पुढे त्याला नवी गोष्ट सांगितली, तर तो माणूस काय म्हणाला असता याचा ते अंदाज बांधतं आणि त्याच्याच आवाजात बोलतं. दिवसागणिक घरचं ऐकत त्यात भर पडते, अंदाज खऱ्याच्या जवळ जात राहतो. मग कुणाला अंदाज असं म्हणावंसंही वाटत नाही.

सुरुवातीला सावल्या सगळीकडच्या जाळ्यावर असायच्या. मग चोरांनी त्या पळवल्या आणि लोकांच्या घरी त्यांच्याच लेकांच्या आवाजात भलतेच बोलू लागले. तेव्हा कायदा झाला, की सावली घरच्या यंत्रातच राहील आणि ते यंत्र कशालाही जोडलेलं नसेल. न्यायची-आणायची तर हाताने, डबीतून. डबी म्हणजे अंगठ्याएवढी, गळ्यातल्या दोरीला लावायची. ज्या लोकांना फाइल नावाची वस्तू असते हेही विसरायला झालं होतं, ते पुन्हा फाइली इकडून तिकडे नेऊ लागले. त्यासाठी कुणीतरी 'नेआण' नावाचं एक चिमुकलं साधन लिहिलं आणि ते डबीतच राहायचं. त्याला तीन बटणं होती. नक्कल, हलवा आणि जुळवा. बस. आईसुद्धा ते चालवायला शिकली होती.

गुरुनाथची सावली तीन वर्षांपूर्वी घेतली. जहाज सुटायच्या आधल्या पंधरवड्यात कंपनीची माणसं पट्टी लावून गेली, तेव्हा तो घरीच होता. जहाजावरच्या सगळ्यांच्या सावल्या अशाच, निघायच्या आधल्या पंधरवड्यात घेतलेल्या. त्या दिवसांत त्याने माडांची आळी साफ केली होती, लेकीला, रेवाला, खांद्यावर बसवून खाडीवर नेलं होतं, दीपश्रीने मीठ दोनदा घातलेली आमटी वाटी पुसून खाल्ली होती. जाणारा माणूस असाच वागतो.

पहिल्या संध्याकाळीच त्याच्या लक्षात आलं, की घरात त्याची जागा रिकामी नाही.

रेवा आता नऊ वर्षांची होती. ती त्याला बिलगली, त्याने आणलेला शंख तिने कानाला लावला, आणि मग पळत जाऊन तोच शंख कॉम्प्युटरसमोर धरला. ती टेबलावरच्या बाबांना सांगत होती, की बोटीवरच्या बाबांनी काय आणलंय बघ. टेबलावरच्या बाबांनी शंखाचं इतकं कौतुक केलं, की जणू तो त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आणि नव्हताच पाहिला. गुरुनाथने तो देताना नुसतं "घे" म्हटलं होतं.

दीपश्री चिपळूणची. तिच्याशी तो पुस्तकी मराठीत बोलायचा आणि आईशी मालवणीत. टेबलावरचाही तसाच बोलायचा. उद्याच्या गणपतीसाठी ती खोबरं किसत होती, आणि किसता किसता माजघराकडे तोंड करून काहीबाही बोलत होती. गूळ कमी पडेल का, पुरोहित कधी येतील, उजव्या अंगठ्याला काय झोंबतंय. तिकडून उत्तर येई आणि ती हसे. तिचं ते हसणं गुरुनाथला ठाऊक होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं होतं ते. पुढे ते कुठे गेलं असा प्रश्न त्याला समुद्रावर कितीदा पडला होता. ते इथेच होतं, रोज वापरात.

तो तिच्याजवळ पाटावर बसला आणि म्हणाला, मी किसतो. तिने किसणी दिली. कुठून सुरुवात करावी ते त्याला सुचेना, आणि तिला काही सांगायचं राहिलंय असं दिसेना.

"आधी जुळवून घे," ती म्हणाली. "तुझ्या पट्टीतली जहाजावरची तीन वर्षं इथे भर. म्हणजे त्यालाही कळेल."

त्यालाही. गुरुनाथचा किसणीवरचा हात थांबला. जुळवणीत काय होतं ते त्याला माहीत होतं. नेआण दोन्ही बाजू तपासतं, इकडे नसलेलं तिकडून घेतं, आणि दोन्हीकडचं एक करतं. म्हणजे उद्यापासून टेबलावरच्याला घरची तीन वर्षंही माहीत आणि समुद्रावरचीही. आणि गुरुनाथला नुसती समुद्रावरची. माणसात भर घालायचं बटण अजून कुणी केलं नव्हतं. जुळवल्यावर जास्त गुरुनाथ कोण उरणार, हे त्याला आकडेमोड न करताच कळलं.

तो म्हणाला, बघू. विसर्जनानंतर.

तेवढ्यात ओटीवरून खोकला ऐकू आला. शेजारचे आबा खवणेकर आले होते. साळबावच्या वाडीत कुठल्याही घरी गणपती बसो, तिथे आबा हजर. यंदा आबांच्या स्वतःच्या घरी मात्र गणपतीवरची फळापानांची माटवी टांगलेली गुरुनाथला येताना दिसली नव्हती. हातपाय थकले असतील, असं त्याला वाटलं आणि तो ते विसरून गेला. आबांनी त्याची खुशाली विचारली, पाणी प्यायले आणि मग माजघराकडे बोट करून म्हणाले, परवा गाऱ्हाणं तोच घालणार ना?

गणपती पाण्यात न्यायच्या आधी घरचा कर्ता पुरुष देवासमोर उभा राहून गाऱ्हाणं घालतो. घराचं, वाडीचं, जवळच्या-लांबच्यांचं जे काही दुखतंखुपतं ते देवाला सांगतो. प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं होकार भरतात. तारींच्या घरी गुरुनाथच्या वडलांनी ते घातलं, नंतर गुरुनाथने. तो समुद्रावर गेल्यावर ते काम टेबलावरच्याकडे गेलं होतं, आणि हे त्याला आजच कळत होतं.

"मी असताना तो कसा घालील?" गुरुनाथ म्हणाला.

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तो ब्येस घालता रे. वाडीतला एकेक त्येका म्हायत. आमी येतंव, बसतंव, सांगतंव." मग थोडं थांबून म्हणाले, "तुका काय म्हायत, हय काय काय झाला ता?"

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. पण गुरुनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. तो म्हणाला, गाऱ्हाणं मीच घालणार. जन्म माझा या वाडीत गेलाय, मला माणसं ठाऊक आहेत. आबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. दीपश्री दारात उभी होती. तिने काहीतरी सांगण्यासाठी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा पाहून ती आत वळली.

दुसऱ्या दिवशी गणपती आले. तारींचा गणपती दीड दिवसाचा. पूजा झाली, आरत्या झाल्या, माणसं आली-गेली. येणारा प्रत्येकजण आधी देवाला नमस्कार करी, मग गुरुनाथच्या पाठीवर थाप मारी, आणि मग माजघरात डोकावून "काय गुरूशेट" असं म्हणून टेबलावरच्याशी दोन शब्द बोलून जाई. गुरुनाथ मोजत नव्हता. पण कोण किती वेळ तिकडे थांबलं हे त्याला पाठमोरं बसूनही समजत होतं. जळणारा माणूस कानांनी बघतो.

विसर्जनाच्या दुपारी बायका स्वयंपाकघरात होत्या, रेवा दुर्वा निवडत होती. गुरुनाथ माजघरात जाऊन टेबलासमोर बसला आणि त्याने गळ्यातली डबी काढून यंत्राला लावली. नेआण उघडलं. डावीकडे घर, उजवीकडे डबी. डावीकडे एकच नाव होतं, गुरुनाथ.

"हलवतोयस?" टेबलावरच्याने विचारलं.

त्याचा आवाज शांत होता. गुरुनाथला वाटलं होतं तो घाबरेल, गयावया करील. मग गुरुनाथ म्हणाला, "हो. काही म्हणणं आहे?"

"तुझी सावली आहे. तू ने."

"ती तुला काय काय सांगते?"

"दीपश्री? ते तिला विचार."

"मी तुला विचारतोय. तू मी आहेस."

"म्हणूनच सांगत नाही," टेबलावरचा म्हणाला. "कुणी विश्वासाने सांगितलेलं दुसऱ्याला सांगितलंयस का तू कधी? मला तसंच शिकवलंय तू."

स्वतःच्याच चांगुलपणाने त्याचं तोंड बंद केलं होतं, आणि तो चांगुलपणा आता या रुमालाखाली राहत होता. त्याने हलवा या बटणाकडे हात नेला.

"एक कर," टेबलावरचा म्हणाला. "गाऱ्हाण्याआधी आबांच्या घरी जाऊन ये. पाच मिनिटं बस त्यांच्याजवळ."

"आता तुझ्याकडून शिकायचं राहिलंय होय मला, आबांशी कसं वागायचं ते," गुरुनाथ म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

हलवणं म्हणजे खरं तर हलवणं नसतं. एका कपाटातून वस्तू उचलून दुसऱ्यात ठेवावी तसं यंत्रात काही उचललं जात नाही. नेआण आधी पलीकडे हुबेहूब नक्कल उतरवतं. मग दोन्हीकडचं अक्षर न अक्षर ताडून पाहतं. जुळलं, की अलीकडचं पुसतं. म्हणजे थोडा वेळ जगात दोन असतात, आणि मग एक. गुरुनाथ पडद्यावरची पट्टी भरताना पाहत होता. ताडून झालं. डावीकडचं नाव गेलं.

मग त्याने आपल्या कानामागच्या पट्टीतली जहाजावरची टिपणं त्या रिकाम्या जागी उतरवली. त्या टिपणांचीही एक सावली होऊ शकत होती. तिला घरचं काहीच माहीत नसणार. तिला त्याने तेच नाव दिलं. रुमाल नीट केला, डबी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि बाहेर आला. ही डबी आज गणपतीबरोबर खाडीत जाणार, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

ऊन कलल्यावर माणसं जमली. ओटी भरली, अंगणात दाटी झाली. आबा पुढे, देवाच्या अगदी समोर उभे होते. गुरुनाथने पान-सुपारी हातात घेतली, डोळे मिटले आणि वडलांच्या चालीवर सुरुवात केली.

"बा देवा गणपती महाराजा, जमली तशी सेवा केली, ती गोड मानून घे."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले.

"काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

"व्हय महाराजा."

त्याचा आवाज मोकळा झाला. त्याने दर्यावर असलेल्यांचं मागितलं, शाळेत जाणाऱ्या पोरांचं मागितलं, माडांवर पडलेल्या रोगाचं मागितलं. आता एकेका घराचं मागणं यायला हवं होतं. माणसं त्याची वाट पाहत होती हे त्याला जाणवत होतं. एकेक चेहरा आपलं नाव ऐकायला पुढे झुकला होता. कुणाच्या घरी काय चाललंय? त्याला काही आठवेना. आठवायला ते त्याच्याकडे नव्हतंच. मग त्याला आबांच्या बायकोचं एक खात्रीचं नाव सापडलं आणि त्याने ते मोठ्याने घेतलं.

"आबांच्या घरची आनंदीकाकी दम्यान बेजार आसा. तिका यंदा मोकळो श्वास गावंदे."

कुणीही काही म्हणालं नाही.

गुरुनाथने डोळे उघडले. समईची वात हलत होती. बायकांच्या बाजूला कुणीतरी श्वास ओढून घेतला. दीपश्रीने तोंडावर हात ठेवला होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. आपल्याच हातून काहीतरी फुटल्यासारखं ती बघत होती. तेव्हा त्याला न टांगलेली माटवी आठवली. परवा संध्याकाळपासून आबा एकटेच येत होते, हेही आठवलं.

आबा देवाकडे तोंड करून उभे होते. ते हलके म्हणाले, "व्हय महाराजा."

मग बाकीचे म्हणाले.

गाऱ्हाणं कसंबसं संपलं. गुरुनाथने गणपतीचा पाट डोक्यावर घेतला. खाडीपर्यंतच्या वाटेवर ढोल वाजत होता, पोरं नाचत होती, आणि त्याला काही ऐकू येत नव्हतं. वाटेत दीपश्रीला त्याने काही विचारलं नाही. आनंदीकाकी कधी गेली, हे बायकोला रस्त्यात कसं विचारणार? ते त्याच्या खिशात होतं. काकी कधी गेली, कशी गेली, दीपश्री कशी रडली, रेवाने काय विचारलं. सगळं खिशात होतं, आणि जगात तेवढी एकच जागा होती जिथे ते होतं. बाकीचं त्याने ताडून पाहून पुसलं होतं.

तरी ते बुडवावं असंच त्याला वाटत होतं. काकीसाठी ती रडली असेल, आणि त्या टेबलावरच्याने तिची समजूत घातली असेल. त्याने काय म्हटलं असेल? आपल्याला सुचलं नसतं असं काहीतरी. गुरुनाथ पाण्यात शिरला. गुडघा, मांडी, कंबर. भरती लागली होती. त्याच्या दोन्ही हातांत देव होता.

पाणी छातीला आलं तेव्हा त्याने खाली पाहिलं. अजून चार बोटं, की खिसा पाण्यात. त्याला काहीच करायचं नव्हतं. नुसतं एक पाऊल टाकायचं होतं.

मग मान वाकडी करून त्याने खिशातून लोंबणारी दोरी दातांत पकडली आणि डबी बाहेर ओढली.

काठावरून आवाज आला, मोरया. आजूबाजूच्या पुरुषांनी साथ दिली. गुरुनाथने देव पाण्यात सोडला, तीनदा बुडवला, आणि त्याच्या दातांत डबी असल्यामुळे त्याला मोरया म्हणता आलं नाही. शेजारच्याने विचारलं, तोंडात काय धरलंस? त्याने नुसती मान हलवली. पश्चात्तापाने त्याने ती वाचवली असं कुणी म्हणालं असतं तर ते खोटं होतं. दीपश्री त्या सावलीला काय सांगत होती, हे ऐकल्याशिवाय बुडवायला त्याचा जीव झाला नाही. एवढंच खरं होतं.

देव गेला, की रिकाम्या पाटावर खाडीच्या तळाची मूठभर वाळू घालून घरी आणायची रीत आहे. ती त्याने आणली. आईने ती घेतली आणि तांदळाच्या कणगीत टाकली. तिचं तोंड उतरलेलं होतं. गुरुनाथ ओल्या कपड्यांनी उभाच होता, तोवर तिने तक्रार केली. टेबलावरच्या गुरूला आज काय झालंय कोण जाणे, मघाशी जेवलास काय म्हणून विचारलं तर वसकन म्हणाला, पंप बंद केल्याशिवाय मधे बोलू नको म्हणून सांगितलंय ना.

"अगदी तुझ्यासारखा," दीपश्री म्हणाली.

तिने रेवाला आजीबरोबर आरतीची भांडी घासायला मागच्या दारी पाठवलं. मग ती माजघरात आली आणि कॉम्प्युटरवरचा रुमाल काढून घडी करू लागली.

"हलवलास त्याला."

"हो."

"बुडवणार होतास?"

"हो."

"मग?"

गुरुनाथने डबी टेबलावर ठेवली. तिच्या दोरीवर दातांचे वळ उठले होते. "तू त्याला काय सांगत होतीस ते ऐकायचं होतं," तो म्हणाला.

दीपश्री खुर्चीवर बसली. तिने त्या वळांवरून बोट फिरवलं. "काकीचं मी तुला सांगितलंय, असंच मला वाटत होतं," ती म्हणाली. "शिमग्याच्या रात्री ती गेली. मी इथे बसून सांगितलं. तुझ्या आवाजात 'अरेरे' ऐकलं, आणि माझ्या मनात ते काम संपलं. परवा तू आलास तेव्हा मला वाटलं, आबांच्या घरी तू अजून कसा गेला नाहीस? माणूस किती कोरडा झालाय."

त्याने यंत्राला डबी लावली. नेआणने पडद्यावर विचारलं, गुरुनाथ या नावाचं इथे आधीच आहे. बदलू? वगळू? की दोन्ही ठेवू?

दोघांनीही ते वाचलं. कुणी बटणाला हात लावला नाही.

"तो माझ्यापेक्षा बरा आहे," गुरुनाथ म्हणाला. हे म्हणताना त्याला दात घट्ट धरावे लागले.

"आहेच. तो निघायच्या आधल्या पंधरवड्यातला माणूस आहे. त्या दिवसांत चिडला होतास का तू कुणावर एकदा तरी?" ती रुमालाची घडी मोडून पुन्हा घालू लागली. "तीन वर्षं रोज संध्याकाळी मला वाटतं, हा उद्या जाणार. इतकं गोड बोलतोय म्हणजे जाणारच. आणि तो जातही नाही. तीन वर्षं निरोपच चाललाय माझ्या घरात."

मागच्या दारी भांड्यांचा आवाज येत होता. गुरुनाथने ओला सदरा काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि तो जमिनीवर, तिच्या समोर बसला.

"काकीचं सांग."

"सांगितलंय मी."

"त्याला. मला सांग."

तिने सुस्कारा सोडला. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायचा तिला कंटाळा आला होता, आणि तो कंटाळा गुरुनाथला लागला. पण तिने सुरुवात केली. शिमग्याच्या रात्री काकीचा दम वाढला. आबा पालखीबरोबर गेले होते. दीपश्री तिच्याजवळ बसली, पाठ चोळत. गाडी येईपर्यंत काकी बोलत होती, रेवाला कैऱ्या पाठवायच्या राहिल्या म्हणून. गाडी आली तेव्हा ती गेलेली होती.

गुरुनाथ ऐकत होता, आणि ऐकता ऐकताही जळत होता. कैऱ्यांपाशी तिचा आवाज कापला. तिकडे सांगतानाही इथेच कापला असेल का? इथेच थांबून तिने पाण्याचा घोट घेतला असेल? तांब्या टेबलावर असतो तो त्याचसाठी का? आपल्याला मिळतंय ते नवं आहे की उतरवून घेतलेलं, हे त्याला कळायला काही मार्ग नव्हता.

तिने सांगून संपवलं. ती उठायला लागली, आणि पुन्हा बसली.

"दुसऱ्या दिवशी काकीला नेलं," ती म्हणाली. "मी घरी आले. आंघोळ केली आणि इथे येऊन बसले. त्याने माझी फार छान समजूत घातली. तेव्हा माझ्या मनात आलं, गुरुनाथ आता परत आला नाही तरी माझं अडणार नाही. काही अडणार नाही. हा आहे की." तिने रुमाल मांडीवर ठेवला आणि प्रथमच नीट त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "हे त्याला नव्हतं सांगितलं."

गुरुनाथच्या काळजात कळ गेली. तो बसल्या जागी आक्रसला. पण त्या कळेच्याही आधी, एखाद्या पळभर आधी, त्याला आनंद झाला होता, आणि तो आपल्या तोंडावर दिसला असेल की काय या भीतीने त्याने मान खाली घातली. पडद्यावर तो प्रश्न तसाच उभा होता. त्याने हात लांब करून दीपश्रीच्या मांडीवरचा रुमाल उचलला आणि पडद्यावर टाकला.

"अजून काय सांगितलं नाहीस?" त्याने विचारलं.